खुराड्याचा कोड पाठ करा

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या बी.एस्सी., बी.फार्म. झालेल्या तमाम मुलामुलींनो, मेडिकल कोडिंगचा क्लास पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. आता तुम्ही रात्र रात्र जागून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट, म्हणजे रुग्णांचे केसपेपर, वाचणार आणि बिलासाठी प्रत्येक आजाराला त्याचा आकडा, म्हणजे कोड, चिकटवणार. ताप, खोकला, मोडलेलं हाड हे सगळं क्लासमध्ये घोटून घेतलं असेलच. पण एखाद्या रात्री बर्ड फ्लूचा चार्ट समोर आला तर जपून. तुम्ही खानदेशातले आहात, आणि या बाबतीत तुम्हाला गरजेपेक्षा जास्त माहिती आहे.

तेव्हा सगळ्यात आधी नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर विसरा. १८ फेब्रुवारी २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्र्यांमध्ये जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ म्हणून सांगितलं, नखशिखान्त झाकलेली माणसं आली, जेसीबीने खड्डे खणले आणि लाखो कोंबड्या मातीत गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तेच, २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच. २००६ मध्ये माणसांचेही नमुने तपासले, पण देशात एकाही माणसात तो विषाणू निघाला नाही. हे सगळं तुम्हाला घरी बसून ठाऊक आहे, आणि कोडरला हीच सवय नडते. चार्टमध्ये जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, हे वाक्य देवघरात लावा.

रुग्णाला बर्ड फ्लू झाला की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? विषाणू तरी कोण? ते डॉक्टर ठरवतात. डॉक्टरांनी 'एव्हियन इन्फ्लुएन्झा' असं ठाम लिहिलं की डोळे मिटून जे०९ हा कोड द्या. लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असलाच पाहिजे असं कोडिंगची गाईडलाइन म्हणत नाही. उलट रिपोर्ट लख्ख पॉझिटिव्ह आहे, पण डॉक्टर त्यावर एक अक्षर बोललेले नाहीत, तर तो रिपोर्ट तुम्ही पाहिलाच नाही असं समजा. आणि डॉक्टरांनी 'संशयित बर्ड फ्लू' लिहिलं तर? मग जे११, म्हणजे विषाणू न ओळखलेला फ्लू. आता तुम्ही म्हणाल, भरती रुग्णाला डिस्चार्जच्या वेळी 'संशयित न्यूमोनिया' लिहिलं तर आपण न्यूमोनियाच धरतो, 'बहुधा स्ट्रोक' लिहिलं तर स्ट्रोक धरतो. बरोबर. तिथे संशय हाच पुरावा. बर्ड फ्लूला ती सवलत नाही. तो एचआयव्ही, झिका आणि कोविडच्या पंक्तीला बसतो. म्हणजे ज्याची पोल्ट्री ओस पडली, छातीचा एक्स-रे पांढरा झाला, पण डॉक्टर भिडस्त निघाले, तो जे११. शेजारच्या खाटेवरचा नाक ओढतोय, पण डॉक्टर बेधडक आहेत, तो जे०९. यात रुग्णाने काही करायचं नसतं, त्याला फक्त डॉक्टर चांगले मिळावे लागतात.

जे०९ च्या टिंबानंतर एक्स येतो. हा एक्स म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. त्याला अर्थ नाही, तो फक्त जागा धरतो. त्याच्यापुढे १ म्हणजे न्यूमोनिया, २ म्हणजे श्वसनाच्या इतर तक्रारी, ३ म्हणजे पोटाच्या, ९ म्हणजे उरलंसुरलं. मात्र लोक ज्याला 'पोटाचा फ्लू' म्हणतात तो इथे नाही, ए०८ मध्ये आहे. डुकरांचा फ्लू इथेच आहे, पण २००९ मध्ये आपण ज्या स्वाइन फ्लूच्या भीतीने मास्क लावून फिरलो तो इथे नाही, त्याला जे१०. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी तर फ्लूच नाही, तो जीवाणू. आणि २०२४ पासून अमेरिकेत हा पक्ष्यांचा ताप गायींच्या गोठ्यांत शिरलाय, दूध काढणाऱ्या माणसांचे डोळे लाल होताहेत. गायीकडून आला तरी बर्ड फ्लू तो बर्ड फ्लूच. का, म्हणून विचारू नका. विचारणाऱ्याचं प्रॉडक्शन, म्हणजे दिवसाच्या चार्टांचा आकडा, पडतं.

खरी मजा पुढे आहे. दुखापत कशाने झाली आणि कुठे झाली, यांचेही कोड असतात. कोंबडीने टोचलं तर डब्ल्यू६१.३३. कोंबडी अंगावर येऊन आदळली तर डब्ल्यू६१.३२. बदक आदळलं तर वेगळा, ६१.६२, बदकाचा मान कोंबडीला कसा देणार? शेवटी ए लावला तर उपचार चालू आहेत, एस लावला तर टोचण्याचे परिणाम मागाहून उमटलेत. आणि हे सगळं खुराड्यात घडलं असेल तर खुद्द खुराड्याचा कोड आहे, वाय९२.७२. बर्ड फ्लूच्या चार्टला यातलं बहुधा काहीच लागणार नाही. तरीही पाठ करा, लग्नकार्यात उपयोगी पडतं. गावाकडची मावशी विचारेलच, "काय काम करस रे भाऊ तू?" सांगा, कोंबडीने टोचलं तर त्याचा आकडा लिहितो. ती पुढे विचारेल, "आनि कोंबडी मरी गई तं?"

त्याला कोड नाही, मावशी. कर्जबाजारी माणसाला आहे, झेड५९.८६ मध्ये, पण ते कोणीतरी चार्टमध्ये लिहायला हवं. आणि ज्याच्या पोल्ट्रीचा हप्ता थकलाय त्याला तपासताना बँकेचं पासबुक कोण मागतं? आपल्या सरकारी कागदावरचा न्यायही फार वेगळा नाही. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबडीची. पथक यायच्या आधी जी रोगानेच मेली तिची नाही. घाई केली तिने.

उरली क्वेरी. चार्टमध्ये गोंधळ असेल तर डॉक्टरांना विचारता येतं, पण 'हा बर्ड फ्लू आहे ना?' असं नाही. ते त्यांच्या तोंडात शब्द घालणं झालं. आधी रुग्णाची लक्षणं आणि रिपोर्ट अदबीने मांडा, मग पर्याय द्या: एव्हियन इन्फ्लुएन्झा, दुसरा इन्फ्लुएन्झा, इतर काही, सांगता येत नाही. शेवटचे दोन विसरू नका, नाहीतर ऑडिटर धरेल. क्वेरी पाठवून वाट पाहा. रुग्ण घरी जातो, बिल अडकतं, टीम लीड दिवसातून दोनदा 'चार्ट होल्डवर का?' म्हणून विचारतो. एका पहाटे डॉक्टरांचं उत्तर येतं, एका शब्दाचं: 'सहमत'.

चारपैकी कशाशी, ते विचारायला नवी क्वेरी काढा.