दहावीचं बोर्ड रद्द झालेलं नाही

"छत्तीस वर्षांनंतर देशाचं शिक्षण बदललं! ५+३+३+४ पद्धत लागू. दहावीला आता बोर्ड नाही, फक्त बारावीला. ज्युनियर कॉलेज संपलं. पाचवीपर्यंत मातृभाषा आणि राष्ट्रभाषेतच शिक्षण. एमफिल बंद. सर्व पालकांना पाठवा." खाली नर्सरीपासून बारावीपर्यंत कुठला वर्ग कितव्या वर्षी, याचा तक्ता. २०२० पासून हा मेसेज फिरतोय. दर वेळी कुणीतरी तो आजच आल्यासारखा पुढे ढकलतं. या खेपेला तो माझ्या मावसबहिणीच्या घरी पोचला. तिची मुलगी दहावीत आहे. भाओजींनी सरळ विचारलं, "बोर्डच नाही तर क्लासची फी कशाला भरायची?" पोरगीही तेच धरून बसली. फोनवर समजावून थकले, म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी दहावीचं बघू, कारण नुकसान तिथेच होतं.

ज्या धोरणाचा हवाला हा मेसेज देतो, त्या राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चा परिच्छेद ४.३७ काढून वाचा. दहावी आणि बारावीच्या बोर्ड परीक्षा चालू राहतील, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. बदल करायचा आहे तो परीक्षेच्या स्वरूपात. क्लास लावायची गरज उरू नये, घोकंपट्टीपेक्षा समज तपासली जावी, आणि मुलांना एकाच शैक्षणिक वर्षात दोन संधी मिळाव्यात: एक मुख्य परीक्षा आणि हवी असल्यास दुसरी, गुण सुधारण्यासाठी. सीबीएसईने २०२६ पासून दहावीला दोन परीक्षा ठेवल्या त्या याच धर्तीवर. जी परीक्षा रद्द झाली म्हणून सांगता, ती वर्षातून दोनदा घेतली जाते आहे!

आपल्या महाराष्ट्राचं म्हणाल, तर एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात कुठल्या वर्षी कुठल्या इयत्तेला धोरण लागू होणार ते दिलं आहे. पहिलीपासून सुरुवात, आठवी, दहावी आणि बारावीचा नंबर शेवटी, २०२८-२९ मध्ये. आणि २०२५-२६ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश प्रथमच राज्यभर झाले. गुणवत्ता यादी कशावर लागली? दहावीच्याच गुणांवर ना?

दहावीच्या कागदावर काय काय अडून असतं, ते मेसेज पाठवणाऱ्यांनी एकदा बघावं. अकरावी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. आयटीआयचे बहुतेक ट्रेड. आठवी पासवर मोजकेच मिळतात. अग्निवीर भरतीत जनरल ड्युटीसाठी किमान दहावी. शहरातल्या सुखवस्तू घरात हा मेसेज आला तर फार तर चर्चा होते. पण आठवी-नववीनंतर मुलीला घरी बसवायचं की नाही अशा वळणावर असलेल्या घरात तो गेला, की बसवणाऱ्याला आयतं कारण मिळतं: बोर्ड बारावीला, मग मधली दहावी झाली काय नि राहिली काय. मला संताप येतो तो याचा.

आता तो तक्ता. ५+३+३+४ ची बेरीज पंधरा, आणि आपल्या सवयीचं १०+२ म्हणजे बारा. वरची तीन वर्षं वाढवलेली नाहीत. पहिलीच्या आधीची बालवाडी-अंगणवाडीची तीन वर्षं आता हिशेबात धरली आहेत, एवढंच. तीन ते आठ वयाचा पायाभूत स्तर म्हणजे ती तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. तिसरी ते पाचवी पूर्वतयारी, सहावी ते आठवी पूर्व माध्यमिक, नववी ते बारावी माध्यमिक. इयत्ता त्याच आहेत, त्यांचे गट बदलले. मेसेजमध्ये पहिलीसमोर "वय ७" लिहिलंय. चालू सातवं वर्ष असा अर्थ असेल तर ते बरोबर, कारण पहिलीसाठी सहा पूर्ण हवीत. पण तसं कुठे म्हटलेलं नाही, आणि एखादा बाप पोराला वर्षभर उगाच घरी ठेवायचा. शिवाय तक्त्यात नुसती नर्सरी आणि केजी. धोरणात अंगणवाडीही त्याच पायाभूत स्तरात मोजलेली आहे, आणि खेड्यातल्या कित्येक मुलांची पहिली शाळा तीच असते.

ज्युनियर कॉलेजबद्दल थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला आहे, त्यामुळे कागदावर अकरावी-बारावी शाळेतच मोडते. पण आपल्याकडेही शासन त्याला उच्च माध्यमिक असंच म्हणत आलंय. काही ठिकाणी हे वर्ग शाळेला जोडलेले, काही ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाला. ते बंद करा, असं धोरण कुठेही सांगत नाही.

भाषेचं कलम अर्धवट उचललंय. परिच्छेद ४.११ म्हणतो की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमलं तर आठवीपर्यंत व पुढेही, माध्यम घरची किंवा स्थानिक भाषा असावी. "शक्य असेल तिथे" हे शब्द मेसेजने गाळले आणि "राष्ट्रभाषा" पदरची घातली. संविधानाच्या कलम ३४३ मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेचा उल्लेख संविधानात नाही. कुठल्याही राज्यावर भाषा लादली जाणार नाही, असं हेच धोरण ४.१३ मध्ये म्हणतं. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयांवरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात जो वाद झाला, त्यानंतर लोकांना शंका येणं मी समजू शकते. पण ते शासन निर्णयही जून २०२५ मध्ये मागे घ्यावे लागले.

छत्तीस वर्षं हेही चूक. आधीचं धोरण १९८६ चं, म्हणजे चौतीस. त्यातही १९९२ मध्ये सुधारणा झाली होती. एमफिलचं, म्हणजे पीएचडीच्या आधीच्या संशोधन पदवीचं, मात्र खरं आहे. धोरणात तसं म्हटलं होतं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत ती बंद केली.

या मेसेजच्या भरवशावर कुणाच्या मुलाने किंवा मुलीने दहावी अर्धवट सोडली असेल, तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येतं. तो परीक्षेच्या काही महिने आधीच भरावा लागतो, म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर मुदत बघून ठेवा, आणि जवळच्या माध्यमिक शाळेत जाऊन विचारा.