एकाच रकान्यात दोन प्रश्न का नकोत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेतला राग मला समजतो. त्यातला बराचसा भाग मला पटतोही, म्हणूनच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं असं होतं की सार्वजनिक संस्थांनी जन्माचं लिंग आणि लिंगओळख (म्हणजे माणूस स्वतःला पुरुष, स्त्री की आणखी काही मानतो) एकाच रकान्यात कोंबू नये. गरज असेल तिथे दोन्ही वेगवेगळं विचारावं, नसेल तिथे काहीच विचारू नये. त्यावर तुमचे आक्षेप असे : लिंग ही शरीराची वस्तुस्थिती आहे आणि ओळख ही ज्याची त्याची खासगी बाब, तेव्हा सरकारने फक्त पहिलं नोंदवावं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा वाद २०२५ साली निकालात काढला आहे. मूठभर लोकांसाठी सगळे फॉर्म बदलणं हा अतिरेक आहे. आणि मी दोन्ही डगरींवर हात ठेवून बसलो आहे.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे तिथून सुरुवात करतो. जन्माच्या लिंगाची नोंद गुपचूप ओळखीच्या नोंदीत विरघळवून टाकणं ही गंभीर गोष्ट आहे. समजा, एखाद्या गुन्ह्यात वर्षभरात १००० पुरुष आणि २० स्त्रिया आरोपी आहेत. पोलिसांनी कुणाला न सांगता नोंदीची पद्धत बदलली आणि ५ जणांची नोंद पुरुषांतून स्त्रियांत गेली. पुरुषांचा आकडा अर्ध्या टक्क्याने घटला, तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. स्त्रियांचा मात्र २५ टक्क्यांनी वाढला, आणि त्यावरून स्त्रियांमधली गुन्हेगारी वाढल्याचा निष्कर्ष काढायला लोक मोकळे झाले. प्राध्यापक ॲलिस सलिव्हन यांचा ब्रिटन सरकारने मागवलेला अहवाल मार्च २०२५ मध्ये आला. जन्माच्या लिंगाची स्वतंत्र नोंद अनेक संस्थांकडून सुटत चालली आहे ही त्यातली तक्रार मला रास्त वाटते. पण या नोंदीत आणखी एक नुकसान आहे, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ते पाच जण कोण, त्यांच्या वाट्याला काय आलं, कोठडीत त्यांना कसं वागवलं गेलं, हे त्या तक्त्यातून कुणालाच कळत नाही. ट्रान्स लोकांची, म्हणजे ज्यांची ओळख जन्माच्या लिंगाशी जुळत नाही त्यांची, नोंद झाल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात ते त्यातून गायब झालेले असतात.

आता ‘फक्त जन्माचं लिंग नोंदवा, बस्स’ हा तुमचा उपाय. तो का पुरत नाही हे दवाखान्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरांकडच्या नोंदीत जे लिहिलं असेल त्यावरून तपासण्यांची बोलावणी जातात. ट्रान्स पुरुषाची (जन्माचं लिंग स्त्री, ओळख पुरुष) नोंद ‘पुरुष’ अशी असेल, तर त्याला गर्भाशयमुख असूनही त्या तपासणीचं पत्र आपोआप येत नाही. ट्रान्स स्त्रीची नोंद ‘स्त्री’ अशी असेल, तर तिला ते पत्र येतं, पण पुरुषांना वयाच्या ६५व्या वर्षी पोटातल्या महारोहिणीचा (मुख्य रक्तवाहिनीचा) फुगवटा तपासायला जे बोलावणं जातं, ते तिला जात नाही. इथवर तुम्ही म्हणाल, बघा, माझंच खरं झालं. बोलावण्यांपुरतं खरंच आहे.

पण तोच ट्रान्स पुरुष रक्त तपासायला गेला तर? ॲनिमियासाठी जागतिक आरोग्य संघटनेची हिमोग्लोबिनची मर्यादा प्रौढ पुरुषांसाठी १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ आहे. हा माणूस काही वर्षं टेस्टोस्टेरॉन घेतोय आणि त्याचं हिमोग्लोबिन १२.४ आलं. जन्माच्या लिंगाच्या रकान्याप्रमाणे सगळं ठीक. पण टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन पुरुषांच्या पातळीपर्यंत चढतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत १२.४ म्हणजे रक्त कुठे जातंय हे शोधायला हवं. या डॉक्टरला जन्माचं लिंगही हवं, आज कोणते अवयव आहेत आणि कोणती औषधं चालू आहेत तेही हवं, आणि समोरच्याला कोणत्या नावाने हाक मारायची हेही हवं. यातलं एक घेऊन बाकीचं टाकलं, तर किंमत तो रुग्ण मोजतो.

न्यायालयाच्या निकालाबद्दल. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की २०१० च्या समानता कायद्यातला ‘स्त्री’ हा शब्द जैविक लिंगापुरता आहे. स्त्रियांच्या आश्रयगृहांसारख्या सेवांवर त्याचा परिणाम होतो. तिथल्या स्त्रियांची सुरक्षितता आणि खासगीपणा हा खराखुरा प्रश्न आहे, तो मी हलक्यात घेत नाही. पण त्याच निकालात ट्रान्स लोकांना भेदभावापासून असलेलं संरक्षण कायम असल्याचंही म्हटलं आहे. निकाल वाचताना न्यायमूर्ती लॉर्ड हॉज यांनी हा एका गटाचा दुसऱ्या गटावरचा विजय मानू नका असं बजावलं होतं. रुग्णालयाने काय नोंदवावं, जनगणनेत काय विचारावं, हे त्या खटल्यात ठरलेलं नाही. आणि सर्वोच्च न्यायालयांचाच दाखला द्यायचा, तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात व्यक्तीने स्वतः सांगितलेल्या लिंगओळखीला कायदेशीर मान्यता द्या असा आदेश सरकारांना दिला होता. एका देशातल्या एका कायद्याच्या अर्थाने जगभरचा वाद मिटत नाही.

‘मूठभर लोक’ या मुद्द्यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण संख्या कमी असणं हेच तर प्रश्न काळजीपूर्वक विचारण्याचं कारण आहे.

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत लिंगाचा प्रश्न वेगळा होता, आणि १६ वर्षांवरच्यांना आणखी एक ऐच्छिक प्रश्न होता : तुमची लिंगओळख जन्मनोंदणीतल्या लिंगाशी जुळते का? ९४ टक्के लोकांनी उत्तर दिलं. सुमारे २,६२,००० जणांनी ‘नाही’ म्हटलं, म्हणजे ०.५ टक्के. पण त्यातल्या सुमारे १,१८,००० जणांनी आपली ओळख काय हे लिहिलंच नाही. ज्यांची मुख्य भाषा इंग्रजी नाही अशा लोकांमध्ये ‘नाही’चं प्रमाण जास्त निघालं. प्रश्नाची वाक्यरचनाच अनेकांना कळली नसावी अशी शंका अभ्यासकांनी घेतली, आणि २०२४ मध्ये या आकड्यांचा अधिकृत दर्जा कमी करण्यात आला.

हे का होतं ते बघा. एक लाख लोकांत खरोखर ३०० ट्रान्स आहेत असं धरू. उरलेल्यांपैकी फक्त २०० जणांचा प्रश्न वाचताना गोंधळ झाला, म्हणजे दर पाचशेत एकाचा. निष्कर्ष येईल ५००, आणि त्यातले ४० टक्के चुकीचे. एवढ्याशा गोंधळाने मोठ्या गटाच्या आकड्याला काही होत नाही, छोट्या गटाचा मात्र पार बोजवारा उडतो. मग त्या आकड्यावर कुणी दवाखाने आखतं, कुणी ‘बघा किती वाढले’ म्हणून ओरडतं.

कॅनडाने त्याच वर्षी दोन सरळ प्रश्न विचारले : जन्माच्या वेळचं लिंग काय, आणि आजची लिंगओळख काय. गुंतागुंतीचं वाक्य उलगडत बसायची गरजच नव्हती. १५ वर्षांवरच्या लोकसंख्येत ५९,४६० ट्रान्स आणि ४१,३५५ नॉन-बायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणाऱ्या) व्यक्ती निघाल्या, एकूण ०.३३ टक्के. याही पद्धतीत उणीव आहे. आकडे इतके लहान की छोट्या गावाच्या तक्त्यात माणूस ओळखू यायचा, म्हणून बऱ्याच तक्त्यांत नॉन-बायनरी लोकांना पुरुष आणि स्त्री या दोन गटांत विभागून टाकलं जातं. हे मला खटकतं, पण एखाद्याला उघडं पाडण्यापेक्षा परवडलं. जन्माच्या लिंगाची नोंद जपल्यामुळे तुमची काळजीही इथे मिटते.

आंतरलिंगी व्यक्तींचा, म्हणजे ज्यांची शारीरिक लिंगलक्षणं जन्मतःच पुरुष किंवा स्त्री या ठराविक साच्यात बसत नाहीत त्यांचा, दाखला मी मुद्दाम देत नाही. त्यांच्या वैद्यकीय गरजा वेगळ्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी त्यांना वादातला पुरावा म्हणून वापरून घेतलं जातं, ते मला पसंत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, मग पासपोर्टवर काय लिहायचं? इथे मी कोणतीच डगर धरत नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही. पासपोर्टचं काम एकच : काउंटरवर उभा असलेला माणूस तोच आहे का, हे पटवणं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत पुरुष, स्त्री आणि अनिर्दिष्ट अशा तिन्ही नोंदी चालतात. दाढी असलेल्या, पुरुषाच्या आवाजात बोलणाऱ्या ट्रान्स पुरुषाच्या पासपोर्टवर ‘स्त्री’ लिहिलं, तर तो दर विमानतळावर अडकेल, चारचौघांत शरीराचा खुलासा देत बसेल, आणि त्यातून सुरक्षा तसूभरही वाढणार नाही. त्या पानावर तो आज ज्या ओळखीने वावरतो तीच असावी. जन्माचं लिंग जन्मनोंदणीत आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये राहू दे. ते ज्याला कामासाठी लागेल त्याला तिथे मिळेल, विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ते लागत नाही.