पन्नास पैशांत विदर्भ

परवा माझं पत्र माझ्याआधी आबाजींनी वाचलं. गुपचूप वाचलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण मोठ्याने वाचलं, पोस्टमास्तरांच्या ओसरीत, आणि मी पोचेपर्यंत अर्ध्या मजकुराचा निकालही लागला होता.

साताऱ्याकडचा माझा एक पत्रमित्र आहे. कसा जमला ते सोडा. तो कायम पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावरच लिहितो. म्हणतो, "आपल्यात लपवण्यासारखं काय आहे?" त्याच्याकडे पोस्टमन कार्ड दारात टाकून जातो. आमचं पोस्ट मास्तरांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत. निराधारचे पैसे आले का, हे विचारायला म्हातारी माणसं दिवसभर तिथे बसून असतात. पैसे येत नाहीत, मग वाचायला काहीतरी लागतंच.

यावेळी मित्राने विचारलं होतं, वेगळा विदर्भ मागता, पण राज्य चालवायला पैसा कुठून आणाल? आणि तू देव मानत नाहीस, तर संकटात हाक कुणाला मारतोस?

पहिला प्रश्न मला खरोखर झोंबतो. हा गृहस्थ कधी इकडे फिरकलेला नाही. त्याला आमची संत्री माहीत आणि आमच्या आत्महत्या माहीत. मागच्या कार्डात मी बारीक अक्षरात विदर्भाला न्याय्य वाटा कबूल करणारा १९५३ चा नागपूर करार लिहिला, राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती तेही कोंबलं. पत्त्याच्या बाजूलाही थोडा आयोग गेला. त्यावर याचं उत्तर, "भावना समजतात." भावना! चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, आणि माझ्या विहिरीवरच्या मोटारीला लाइन मिळते रात्री. सापाकिरड्यात बॅटरी घेऊन ओलित करतो मी. भावना म्हणे.

तर आबाजी.

"ये, तुह्यीच केस चालू हाय," ते म्हणाले.

"आबाजी, ते माझं पत्र आहे."

"हाव न, तुह्यंच हाय. मले कोन लिहिते पत्र?"

आता यावर कार्ड हिसकावून घेता येतं का?

"हा पोट्टा इचारते, पैसा कुठून आनसान. त्याले लिही, पयले आमचा वापस करा, मंग इचारा."

"लिहितो."

"आन् हे बी लिही का छप्पन सालापर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. मी पयलीत होतो, मले समदं ठाऊक हाय."

मग आवाज एकदम खाली आला. "पन तू देव नाही मानत?"

ओसरी गप्प. मास्तरांचा शिक्का हातातच राहिला.

"नाही," मी म्हणालो.

"मंग दरसाल शेगावले कायले जातं?"

"आईला घेऊन जातो."

"प्रसाद खातं का नाही तिथं?"

"खातो."

"मंग झालं तं! अर्धा मानतं. लिही त्याले, अर्धा मानतो म्हनून."

कोपऱ्यातली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "बाप्पा, त्याच्या मायले सांगू नोका." संध्याकाळपर्यंत मायला कळलं होतं.

आमच्याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनात सांगितलं की देव दगडात शोधू नका, माणसात पाहा. लोकांनी माना डोलावल्या, पुढे पुतळेही उभारले. माझं मात्र कार्डावरचं एक वाक्य फुटलं आणि दुसऱ्या दिवशी सप्ताहाच्या वर्गणीवाले दुप्पट रकमेची पावती फाडून गेले. न मानणाऱ्याला सूट तरी द्यायची! उलट दंड.

म्हणून यावेळी सरळ अडीच रुपयांचं अंतर्देशीय घेतलं. तिन्ही बाजूंनी चिकटवलं, वरून डिंकाचं एक बोट फिरवलं. आबाजींनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, कानाशीही नेलं.

"कायले चिकटोलं बे? काई भानगड हाय का?"

तेव्हापासून पानठेल्यावर मी गेलो की बोलणं थांबतं. कापूस वेचायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावतात. काल रात्री बायकोनेही ताट जरा जोरातच ठेवलं.

"एवढं काय लिहिलं होतं त्यात?"

आता तिला काय सांगू? त्यात फजल अली आयोग होता, हे कोणत्या बायकोला पटेल?