जपान सोडताना पेन्शनचे ‘सगळे’ पैसे परत मिळत नाहीत

‘जपानमधून कायमचं परतताना पेन्शनमध्ये कापलेली सगळी रक्कम परत मिळते,’ असा मेसेज फिरतोय. अर्धाच खरा आहे.

परत मिळते ती ‘दात्ताई इचिजिकिन’ ही एकरकमी रक्कम. त्यासाठी वर्गणी किमान 6 महिन्यांची आणि 10 वर्षांहून कमी हवी. हिशेब सध्या जास्तीत जास्त 60 महिन्यांचाच. सहावं, सातवं वर्ष भरलं असेल तर ते पाण्यात.

सरासरी पगार 3 लाख येन आणि नोकरी 36 महिने धरा. 36 महिन्यांसाठी ठरलेला गुणक 3.3, म्हणजे 9,90,000 येन. हा साधारण तुमचा 9.15 टक्के वाटा झाला. कंपनीचा तेवढाच वाटा मिळत नाही. त्यातून 20.42 टक्के आयकर कापून हातात 7,87,842 येन. हा कर परत मागता येतो, पण निघण्याआधी जपानमध्ये राहणारा कर-प्रतिनिधी नेमून कर कार्यालयात कळवलेलं बरं.

अर्ज अडकण्याचं एक कारण: पालिकेत ‘तेन्शुत्सु तोदोके’, म्हणजे स्थलांतराची नोंद, न करताच विमान पकडलं जातं. कागदोपत्री पत्ता जपानचाच राहिला तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. पत्ता रद्द झाल्यापासून मुदत 2 वर्षांची. बँक खात्यावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं. आपल्याकडे मधलं नाव नेमकं इथेच घोळ घालतं.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. त्यानुसार पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्हीकडचा काळ जोडता येतो. रक्कम उचलली की जपानमधला तो काळ पुसला जातो.