सामान काढाले आले का?

नागपुरात कामठी रोडच्या पुढे, बँकेने ओढून आणलेल्या गाड्यांच्या एका यार्डातल्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'कर्जदार' असं लिहिलेलं आहे. निळ्या पेनाने, ठसठशीत. मी आजवर कोणाचा रुपया बुडवलेला नाही. वीजबिलसुद्धा मी मुदतीच्या आधी भरतो, कारण त्यात चार-दोन रुपये सूट मिळते. आणि तरीही.

झालं ते इतकंच. गाडी हवी होती, नवी परवडत नव्हती आणि साळ्याने सांगितलं की हप्ते थकल्यामुळे बँकेने ओढून आणलेल्या गाड्या लिलावात बाजारापेक्षा लाखभर स्वस्त मिळतात. साळ्याच्या सगळ्या माहितीचा उगम 'माझा एक मित्र' हा असतो. हा मित्र आजवर कोणी पाहिलेला नाही, पण त्याच्या सल्ल्याने आमच्याकडे एक इन्व्हर्टर, एक प्लॉटचा बयाणा आणि एक बंद पडलेली चिटफंड आहे. तरी गेलो. यादीत एक पांढरी स्विफ्ट होती, एमएच-४९ पासिंग, आणि बोली लावण्याआधी गाडी प्रत्यक्ष पाहायची सोय होती. वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात कडक नऊ दिवस सुरू असताना, उघड्या मैदानात. ज्याने ही वेळ ठरवली त्याला गाड्या विकायच्या नसाव्यात.

गेटवर एक चौकीदार काका. डोक्याला ओला दुपट्टा, समोर कूलर, कूलरमध्ये पाणी नाही.

"कोणती गाडी?"

"ती पांढरी स्विफ्ट. लॉट नंबर..."

"सामान काढाले आले का?"

"नाही हो, गाडी बघायला आलो."

"पाहाले तं सारेच येते," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही माया पसरली की मला लगेच धोका जाणवायला हवा होता. मी सरळ गाडीकडे गेलो. परत आलो तेव्हा रजिस्टर भरून झालं होतं. नाव, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात तो शब्द.

"काका, हे काय लिहिलं? मी घेणारा आहे."

"राहू द्या जी. लाजाचं काम नाही. हप्ता कोणाचाबी थकते. मागच्या महिन्यात एक डॉक्टर आल्ता."

"अहो, पण माझा हप्ताच नाही!"

"तेच तं. भरलाच नाही तं हप्ता कुठून राहीन?"

मी आधार कार्ड काढलं. आरसीवर ज्याचं नाव असेल तो मी नव्हे, हे सिद्ध करायला यापलीकडे माणूस काय करणार? काकांनी कार्ड पाहिलं, उलटं करून पाहिलं, परत दिलं. "गाडी बायकोच्या नावावर असन," ते म्हणाले. मग मला खुर्ची दिली. खुर्ची देणं हा अपमानाचा पुढचा टप्पा होता, कारण गिऱ्हाइकाला तिथे कोणी खुर्ची देत नव्हतं.

"तुम्हाला वाटलंच कसं की मी मालक आहे?"

"तीस सेकंदात समजते," काका म्हणाले. "घेणारा माणूस एकटा येतच नाही. चौघं येते. एक जण टायराले लात मारते. एक बोनेट उघडून 'इंजिन गेलं बे' म्हणते, गेलं असो का नसो. बाकीचे दोघं सावलीत उभे राहून खर्रा घोटते. तुम्ही काय केलं? एकटे आले. ऑटोनं आले. न् गाडीजवळ जाऊन पहिले आरशाची धूळ पुसली. रुमालानं. घेणारा कधी धूळ पुसते का, सांगा मले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी धूळ पुसली होती हे खरंच आहे. मी कोणाच्याही घरी गेलो तरी टीपॉयवरची धूळ पुसतो, त्यावरून बायकोशी वाद होतात, पण हे काकांना सांगून उपयोग नव्हता. प्रत्येक नकार त्यांच्या लेखी पुरावा होत होता. मी चिडलो तर ते म्हणाले, "असंच होते सुरुवातीले." मी गप्प बसलो तर म्हणाले, "मोकळं व्हा, बरं वाटन." तेवढ्यात खरोखरचे चौघं आले. त्यातल्या एकाने मला विचारलं, "किती थकले होते, भाऊ?" दुसऱ्याने खर्रा पुढे केला. मी खर्रा, म्हणजे ती घोटलेली तंबाखू-सुपारी, खात नाही. पण त्या क्षणी नाही म्हणणं उर्मटपणाचं वाटलं, म्हणून घेऊन खिशात ठेवला. घरी पँट धुवायला टाकताना त्याचं वेगळं प्रकरण झालं, ते असो.

काकांच्या खोलीत एक फळी होती आणि फळीवर देव होते. डॅशबोर्डवरचे. गणपती सगळ्यात जास्त, त्याखालोखाल गजानन महाराज, साईबाबा, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याचा एक छोटा फोटो, एक बुद्ध, आणि बॅटरी संपल्यामुळे मान हलवणं बंद केलेला एक प्लास्टिकचा कुत्रा. सगळ्यांसमोर एकच उदबत्ती.

"गाडी यार्डात आली का मी देव पहिले उतरवून घेतो," काका म्हणाले. "उन्हात गाडीच्या आत कसं तापते! गाडीवर बँकेचा बोजा हाय. देवावर कुठं हाय?"

"आणि कुत्रा?"

"लेकराचा असन कोणाच्या. येईन घ्याले."

'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर विकल्या जाणाऱ्या मालातून देव परस्पर वगळले जातात हे लिलावाच्या माहितीपत्रकात कुठेही नव्हतं. मी तसं म्हणालो. काकांना वाटलं मी माझा गणपती मागतोय. त्यांनी स्विफ्टचा गणपती काढून माझ्या हातात दिला आणि नवी दिशा दाखवली. "अजून लिलाव व्हायचा हाय. कोणाकडून उसने घ्या, भरून टाका, गाडी सोडवा. नाही जमत तं निदान ओळखीच्या लोकाईले सांगा बोली चढवाले. गाडी जितकी स्वस्त जाईन, तितकं तुमच्या डोक्यावर जास्त राहीन."

हे वाक्य मी त्या वेळी ऐकून सोडून दिलं. तसा त्यांचा सगळाच सल्ला चुकीच्या माणसाला चालला होता.

गाडीचं म्हणाल तर, पाहिली. मागच्या काचेवर 'आईवडिलांचा आशीर्वाद', त्याच्यावर लॉट नंबरचा कागद चिकटवलेला. बॅटरी मेलेली, त्यामुळे किती किलोमीटर चालली ते दिसेना. चालवून पाहण्याची परवानगी नाही. किल्ली एकच. महिनोन् महिने एका जागी उभी राहून टायर खालून चपटे झालेले. बोनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, पण निवडक कुरतडल्या होत्या, म्हणजे उंदरांचीही काही आवडनिवड असावी. नागपुरात हल्ली जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि शेकडो गाड्या उभ्या जागी बुडाल्या. तेव्हापासून इथला प्रत्येक मेकॅनिक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ शोधतो. मीही ओढला. रेघ नव्हती. बेल्ट मात्र परत आत गेला नाही.

कागदांचं तर विचारू नका. मूळ आरसी बहुतेक वेळा जुन्या मालकाकडेच राहते. तो रागावलेला असतो, तो कशाला देईल? मग बँक फॉर्म ३६ भरून आपल्या नावाने नवी आरसी मागणार, मग नाव बदलायला २९ आणि ३०, बोजा उतरवायला ३५, शिवाय संपलेला विमा आणि आधीच्या मालकाने सिग्नल तोडून कमावलेली चलानं. आरटीओबाहेरच्या एजंटने हे सगळे आकडे एका दमात म्हटले आणि शेवटी स्वतःचा आकडा सांगितला. तो फॉर्मच्या आकड्यांसारखा दोन अंकी नव्हता.

घरी आईने एकाच वाक्यात निकाल दिला, "कोणाचे तळतळाट घेऊन येतो रे घरी?" शेजारचे काका म्हणाले, अशी गाडी पीडा पळवून लावणाऱ्या मारबत पुतळ्यांच्या मिरवणुकीत न्यावी, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत, आणि तिकडेच सोडून यावी. साळा म्हणाला, लिंबू-मिरची लाव. यातल्या एकानेही बँकेला काही विचारलं नाही. ज्याने कर्ज घेतलं तो कर्मदरिद्री, मी गाडी घेतली तर मी गिधाड, आणि ज्याने घरी येऊन, चहा पिऊन, 'सर, झीरो डाउनपेमेंट' म्हणून कर्ज गळ्यात मारलं तो यंदाही टार्गेट पूर्ण करून थायलंडला गेला असणार. वसुलीसाठी गुंड पाठवू नका, हे बँकांना सांगायला २००७ साली सुप्रीम कोर्टाला बसावं लागलं. आणि गाडी ओढून नेली म्हणजे कर्ज फिटलं, असंही नाही. ओढून आणण्याचा खर्च त्याच्याच खात्यात, यार्डाचं भाडं त्याच्याच खात्यात. लिलावात जे येईल ते वजा करून उरलेलं परत त्याच्याच मागे. गाडी नाही, हप्ता आहे. चौकीदार काकांचं ते वाक्य मला इथे, रात्री दोन वाजता, पंख्याकडे बघताना कळलं. मला पडणारी लाखाची सूट कोणीतरी भरणार आहे. आणि मी त्याचा आरसा पुसून आलोय.

एवढं सगळं कळूनही मी बोली लावली. सूट म्हटली की माझं काही चालत नाही.

लिलाव मोबाईलवर होता. शेवटच्या मिनिटाला कोणी बोली लावली की वेळ वाढायची, त्यामुळे वरण-भात निवून गेला. अखेर सर्वात मोठी बोली माझी ठरली. ठरली, पण गाडी मिळाली नाही, कारण बोलीला बँकेची मंजुरी लागते. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, घाई भरपूर.

"सर, रेट थोडा कमी येतोय. वीस हजार वाढवले तर आजच अप्रूव्हल करून देते."

"हे वीस हजार त्या जुन्या मालकाच्या थकबाकीतून कमी होतील ना?"

पलीकडे शांतता. कीबोर्डचा आवाज.

"सर, तुम्ही त्यांचे नातेवाईक आहात का? म्हणजे त्यांचा नंबर लागत नाहीये, तुमच्याकडे दुसरा असेल तर..."

"मी कोणाचा कोणी नाही हो!"

"ओके सर. मग वीस वाढवू?"

मी जरा थांबलो. फळीवरचा कुत्रा आठवला, तळतळाट आठवले, आरसा आठवला.

"दहा," मी म्हणालो. "आणि दुसरी किल्ली शोधून द्या."