‘०.० पिपपासून’! या ‘पासून’नेच डोकं फिरवलंय

तीन आठवडे झाले. रोज रात्री दोन-दोन तास घालवून मी फॉरेक्स ब्रोकरांची, म्हणजे परकी चलनांचे सौदे करून देणाऱ्या कंपन्यांची, तुलना करतेय. अकरा ब्रोकर, एक एक्सेल शीट, आणि शीटमधले अर्धे रकाने अजून रिकामे. आळस केला म्हणून नव्हे. माहिती मिळतच नाही म्हणून. आणि मिळते ती अशा रूपात की दोन आकडे शेजारी ठेवले तरी त्यांचा एकमेकांशी मेळ बसू नये. आता मला ठाम वाटतं, हा गोंधळ चुकून झालेला नाही. तो मुद्दाम केलाय.

स्प्रेडपासूनच सुरू करते, म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातल्या फरकापासून. तो पिपमध्ये मोजतात; युरो-डॉलरच्या भावात चौथ्या दशांशातला एक म्हणजे एक पिप. एकाच्या पानावर ठळक अक्षरांत ‘झिरो कमिशन’. दुसऱ्याच्या पानावर तितक्याच ठळक अक्षरांत ‘स्प्रेड ०.० पिपपासून’. दोघंही फुकट वाटतात. गणित मांडा. युरो-डॉलरचा एक स्टँडर्ड लॉट म्हणजे १ लाख युरो, आणि त्यात १ पिप म्हणजे १० डॉलर. झिरो कमिशनवाल्याचा सरासरी स्प्रेड १.२ पिप असेल तर एका सौद्याचे १२ डॉलर गेले. दुसऱ्याचा स्प्रेड खरोखर ०.१ असेल तर १ डॉलर, आणि वर घेताना साडेतीन, विकताना साडेतीन असं ७ डॉलर कमिशन, म्हणजे ८. इतकं साधं आहे हे! ‘एका लॉटमागे एकूण इतके डॉलर’ अशी एक ओळ लिहायला यांचं काय जातं? तिसरा तर कमिशन दर दहा लाख डॉलरच्या उलाढालीवर सांगतो. म्हणजे त्या दिवसाचा भाव धरून मी आधी लॉटची किंमत काढायची, मग त्यावर कमिशन, मग त्याची दुप्पट. भाजी घेताना एकाने किलोचा भाव सांगावा, दुसऱ्याने डझनाचा आणि तिसऱ्याने टोपलीचा, वर म्हणावं की बघा ताई, आमचीच स्वस्त. 

आणि तो ‘पासून’! ०.० पिप‘पासून’ म्हणजे दिवसात कधीतरी, एखाद्या क्षणी, बाजार सगळ्यात गजबजलेला असताना स्प्रेड शून्याला टेकला होता, इतकाच त्याचा अर्थ. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता दिवस बदलतो तेव्हा तो किती होतो? मोठी बातमी येते तेव्हा किती होतो? स्टॉप लॉस (तोटा ठरलेल्या हद्दीला पोचला की सौदा आपोआप बंद करणारे आदेश) उडतात ते नेमके त्याच वेळी, आणि त्याच वेळचा आकडा कुणी देत नाही. यांच्याकडे भावाच्या प्रत्येक हालचालीची नोंद असते. तासागणिक सरासरी काढणं हे यांच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे.

स्वॅपची तर कथाच वेगळी. सौदा रात्रभर उघडा ठेवला की व्याज लागतं, कबूल. पण एकजण ते पॉइंटमध्ये देतो, दुसरा वार्षिक टक्क्यांत, तिसरा खात्याच्या चलनात. पाच दशांशांच्या भावात पॉइंट म्हणजे पिपचा दहावा भाग, हे कुठेही धड लिहिलेलं नाही. −७.२ हा आकडा पिप समजून वाचला तर खर्च दहापट दिसतो. पिपमध्ये दिलेला आकडा पॉइंट समजून वाचला तर उलट, दहापट कमी. बुधवारी रात्री तिप्पट स्वॅप लागतो, कारण सौद्याची पूर्तता दोन दिवसांनी होते आणि बुधवारची रात्र ओलांडली की पूर्ततेची तारीख शुक्रवारवरून थेट सोमवारवर जाते. साधं कारण आहे, सांगितलं तर कुणालाही कळेल. मला ते तीन ठिकाणी शोधून स्वतः जुळवावं लागलं. ब्रोकरच्या मदत विभागातल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीम आपोआप कापते.’ आपोआप कापते हे मला माहीत आहे! का कापते ते विचारलं होतं.

पण माझा खरा संताप आहे तो परवान्यांवर. मुख्य पानावर अमुक देशाच्या नियामकाचं नाव, मोठ्या अक्षरांत. मी खूश. अर्ज भरत गेले, आणि शेवटच्या पायरीवर, करड्या रंगातल्या मुंगीएवढ्या अक्षरांत दिसलं की माझं खातं भलत्याच बेटावरच्या भलत्याच कंपनीत उघडतंय. लोगो तोच, रंग तोच, कंपनी वेगळी. हा फरक किरकोळ नाही. ब्रिटनमधली परवानाधारक गुंतवणूक कंपनी बुडाली तर तिथली भरपाई योजना ८५ हजार पाउंडांपर्यंत पैसे देते. सायप्रसच्या निधीची मर्यादा २० हजार युरो आहे. बेटावरच्या कंपनीत अनेकदा काहीच नाही. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या कॅरिबियन बेटदेशाच्या वित्तीय प्राधिकरणाने तर स्वतःच जाहीर केलंय की आम्ही फॉरेक्स ब्रोकिंगचा परवाना देतच नाही. तरीही तिथला नोंदणी क्रमांक परवान्यासारखा मिरवला जातो. कंपनी नोंदवणं वेगळं आणि परवाना असणं वेगळं, हे नवख्या माणसाला कसं कळणार? कळू नये हाच तर हेतू आहे.

कुणाला वाटेल ही उगाच कुरकुर. १५ जानेवारी २०१५ आठवा. स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची किमान मर्यादा अचानक काढून टाकली. काही मिनिटांत युरोचा भाव असा कोसळला की लोकांचे स्टॉप लॉस भलत्याच भावाला लागले आणि खाती शून्याच्याही खाली गेली. ब्रिटनमधली अल्पारी ही ब्रोकर कंपनी दिवाळखोरीत गेली. एफएक्ससीएम या दुसऱ्या ब्रोकरला तगून राहायला ३० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. म्हणून ‘खातं उणे गेलं तर ती रक्कम माझ्याकडून वसूल करणार का?’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतेय. आणि ज्या कंपनीत माझं खातं असेल त्या कंपनीपुरतं उत्तर मागतेय. उत्तर काय येतं? ‘आमच्या समूहात ग्राहकांच्या सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य आहे.’ हे उत्तर झालं?

लिव्हरेजची, म्हणजे खात्यातल्या पैशांच्या कितीपट मोठा सौदा घेता येतो त्याची, जाहिरात पाहिली की तळपायाची आग मस्तकात जाते. ‘१:५०० लिव्हरेज’, जणू सवलतच देतायत. हजार डॉलरवर पाच लाखांचा सौदा घेतला तर भाव ०.२ टक्के उलटा गेला की हजार साफ. युरोपात २०१८ साली सामान्य ग्राहकांसाठी प्रमुख चलनजोड्यांवर १:३० ची मर्यादा आली, खातं भरण्यावरचे बोनसही बंद झाले. मग काही ब्रोकरांनी काय केलं? ग्राहकांना सांगायला लागले, आमच्या दुसऱ्या देशातल्या कंपनीत या, तिथे ही बंधनं नाहीत. म्हणजे संरक्षण हेच बंधन म्हणून विकलं!

आणि ‘सर्वोत्तम १० ब्रोकर’वाल्या याद्या! मी निदान पंधरा वाचल्या. पहिली तीन नावं तीच, फक्त क्रम बदललेला. पानाच्या तळाशी खुलासा, की आमच्या दुव्यावरून खातं उघडलंत तर आम्हाला मोबदला मिळतो. परीक्षकाला पैसे देणार परीक्षार्थी. तोट्यांच्या रकान्यात काय, तर ‘शैक्षणिक व्हिडिओ थोडे कमी’. पैसे काढायला किती दिवस लागतात याबद्दल अवाक्षर नाही.

ते मी स्वतः करून पाहिलं. एका ब्रोकरकडे थोडी रक्कम भरली, दोन मिनिटांत जमा. सौदा न करता परत मागितली, तर नऊ दिवस. आधी कागदपत्राचा कोपरा फोटोत आला नाही. मग विजेचं बिल तीन महिन्यांपेक्षा जुनं. पैसे घेताना हेच बिल चाललं होतं! मधल्या काळात ‘अकाउंट मॅनेजर’चे चार फोन, आत्ता काढू नका, बाजार फार चांगला आहे. आणि विनंती रद्द करायचं बटण मात्र ठळक, हिरवं, एका स्पर्शात चालणारं.

या सगळ्या जंजाळात मला एकच आकडा सापडला जो खरोखर शेजारी-शेजारी ठेवून बघता येतो. पैसे गमावणाऱ्या सामान्य खात्यांची टक्केवारी. युरोप आणि ब्रिटनमध्ये तो छापणं सक्तीचं आहे आणि काढायची पद्धतही ठरवून दिलेली आहे. सक्ती आली तेव्हाच्या पाहणीत वेगवेगळ्या देशांत ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात होती. म्हणजे सक्ती केली की आकडा बरोबर निघतो, एकाच सूत्राने निघतो. मग एका लॉटचा एकूण खर्चही असाच छापायला लावा. तासागणिक सरासरी स्प्रेड छापायला लावा. माझ्या सौद्यात समोरच्या बाजूला तुम्ही ब्रोकर स्वतः उभे असता की सौदा पुढे बाजारात पाठवता, तेही लिहा. माझ्या तोट्यातून ज्याचा फायदा होतो तो मला रोज ‘शुभेच्छा’ पाठवतो, आणि हे मला अटी-शर्तींच्या एकतिसाव्या पानावर कळतं!

परवा मी शीटमधले सगळे रकाने पुसले आणि तीन ठेवले. माझं खातं कुठल्या कंपनीत असेल, एका लॉटचा एकूण खर्च किती, आणि पैसे किती दिवसांत परत मिळतील. अकराही जणांना लेखी विचारलं. नियामकाच्या नोंदवहीतलं नाव, क्रमांक आणि संकेतस्थळ जुळवूनच, कारण नकली कंपन्या खऱ्यांचेच क्रमांक छापतात. दोघांनी धड उत्तर दिलं. बाकी नऊ जणांनी माझा फोन नंबर मागितला.