मी आलोच

आमच्या घरात कुणी हाक मारली, 'अगं, ये की लवकर,' तर आतून उत्तर येतं, 'आलो, आलो!' बोलणारी बाई असते आणि ती अजून आलेली नसते. यातली पहिली गंमत कोल्हापूरकडची. आमच्याकडच्या बायका मी जातो, मी येतो, मी जेवलो असंच बोलतात. दुसरी गंमत सगळ्या मराठीची. काम व्हायचं असतं आणि क्रियापद ते उरकून मोकळं झालेलं असतं.

टेड चँगची 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' ही दीर्घकथा वाचताना हे 'आलो, आलो' माझ्या कानात सारखं वाजत होतं. विज्ञानकथा म्हटलं की 'आपल्याला नाही बाबा कळत' म्हणणाऱ्यांनी तर ही आधी वाचावी. (नारळीकरांच्या जन्मगावात तरी हे वाक्य कुणी बोलू नये.)

सात पायांचे, सात डोळ्यांचे परके जीव पृथ्वीवर येतात आणि लुईस बँक्स नावाच्या भाषाशास्त्राच्या बाईंना त्यांची भाषा शिकायला बोलावलं जातं. लढाई नाही, जगबुडी नाही, नुसती शिकवणी. त्यांची बोली वेगळी आणि लिपीचा त्या बोलीशी काही संबंध नाही. आख्खं वाक्य म्हणजे एकच नक्षी. पहिली रेघ पुढच्या कितीतरी शब्दांत गुंतलेली, त्यामुळे ती ओढण्याआधी वाक्य शेवटापर्यंत ठरलेलं पाहिजे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ज्यांना वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. ही लिपी शिकता शिकता लुईसचं डोकंही तसंच चालायला लागतं आणि अजून न जन्मलेल्या मुलीचं सगळं आयुष्य तिला आठवायला लागतं. मुलगी २५ वर्षांची असताना गिर्यारोहणात जीव गमावणार, हेही. आणि तरी ती मूल होऊ द्यायला हो म्हणते. २०१६ साली यावर 'अरायव्हल' सिनेमा आला, चांगला आहे, पण त्यात पुढचं कळण्याचा उपयोग करून एक फोन लावला जातो आणि जगावरचं संकट टळतं. मला ते पटलं नाही. मूळ कथेत पुढचं कळल्यानं काहीच टळत नाही, आणि सगळा जीव तिथंच आहे.

यात भौतिकशास्त्रही आहे, घाबरू नका. पंचगंगेच्या घाटावरून तिरपं, लांब पाण्यात कुणाला गाठायचं असेल तर पट्टीचा पोहणारा नाकासमोर उडी टाकत नाही. आधी काठाकाठानं पळतो, मग पाण्यात शिरतो, कारण पोहण्यापेक्षा पळणं लवकर होतं. हवेतून पाण्यात जाणारा प्रकाश अगदी असाच वाकतो, कमीत कमी वेळाची वाट धरून. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं हे १७व्या शतकात मांडलं. पण पळणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं कुणाला गाठायचंय. प्रकाशाला निघण्याआधीच मुक्काम कसा ठाऊक? अर्थात हेच वाकणं 'आधी हे झालं म्हणून मग ते झालं' असंही मांडता येतं, आणि दोन्हीकडून उत्तर एकच. आपण एका बाजूनं वाचतो, ते परके जीव दुसऱ्या बाजूनं.

कोल्हापूरकराला यात फार नवल वाटू नये. अंबाबाईचा किरणोत्सव आपण तारीख बघून साजरा करतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येणार, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. सगळं आधीच ठाऊक, तरी माणसं श्वास धरून उभी असतात. कारण वाटेत ढग येतो, धूळ येते, एखादी वाढलेली इमारत येते, आणि किरणं अर्ध्यातूनच परत फिरतात.

कथेतले परके जीवही शेवटी अचानक निघून जातात. का आले होते ते न सांगता. भाषा शिकून झाली आणि प्रश्न तसाच राहिला. या ठिकाणी मी पुस्तक मिटवून ठेवलं, कारण मला १९९८चा नोव्हेंबर आठवला. कथा प्रसिद्ध झाली तेच साल. योगायोग, दुसरं काय.

विद्यापीठाच्या होस्टेलवर माझी एक नागपूरची मैत्रीण होती. एकदा चारचौघींत मी 'मी जातो' म्हटल्यावर ती खो खो हसली. मला ते लागलं. आठवडाभर अबोला. मग ९ तारखेला मीच तिच्या दारातून चिठ्ठी सरकवली : 'परवा पाचला. गरुड मंडप. मी आलोच.' हा मंडप अंबाबाईच्या देवळातला. एरवी लिहिताना मी व्यवस्थित 'आले', 'गेले' लिहायची, पण त्या दिवशी मुद्दाम 'आलो' लिहिलं. खाली नाव घातलं नाही. 'आलो' हीच माझी सही, असं वाटलं.

ती आली नाही. मी पुन्हा विचारलं नाही. ती दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली, परीक्षा झाल्या, संपलं.

२२ वर्षांनी ती फेसबुकवर सापडली. बोलता बोलता चिठ्ठीचा विषय निघाला. 'ती तू लिहिली होतीस?' ती म्हणाली, 'मला वाटलं कुठला तरी पोरगा आहे. फाडून टाकली मी.'

कथेत कांगारूची ती जुनी गोष्ट येते. १७७० साली ऑस्ट्रेलियात कॅप्टन कुकच्या माणसांनी प्राण्याचं नाव विचारलं, तिथला माणूस म्हणाला 'कांगारू', आणि त्याचा अर्थ होता 'काय म्हणालात?' गोष्ट खोटी आहे, हे लुईसच सांगते. तिथल्या गुगु यिमिधिर भाषेत गंगुरू हे खरोखरच एका जातीच्या कांगारूचं नाव आहे. म्हणजे तिथं दोघांनी एकमेकांना बरोबर समजून घेतलं होतं आणि जगानं गैरसमजाची गोष्ट रचली. आमचं उलटं झालं. दोघी मराठीच बोलत होतो.

लुईससारखं आधी कळलं असतं तर मी 'आले' लिहिलं असतं का, याचा मी बराच विचार केला. नसतं लिहिलं. भांडण त्याच शब्दावरून होतं, तोच गाळून समेट कसला?

मैत्रीण नंतर म्हणाली, '११ तारीख म्हणजे शेवटचा दिवस ना? किरणं चेहऱ्यापर्यंत पोचली होती का गं त्या दिवशी?'

मला काय माहीत. मंडपातली सगळी माणसं देवीकडं तोंड करून उभी होती. मी एकटाच महाद्वाराकडं बघत उभा होतो, उन्हानं डोळे दिपले तरी.